मलिक अंबर

मलिक अंबर : (सु. १५४८–मे १६२६). अहमदनगरच्या निजामशाहीचा हबशी वजीर व सेनापती, तिच्या अखेरच्या पर्वातील प्रत्यक्ष सत्ताधीश आणि खडकी (पुढील औरंगाबाद, सध्याचे छत्रपती संभाजीनगर) या नगराचा संस्थापक. अहमदनगरचा किल्ला १६०० मध्ये मोगलांच्या हाती पडल्यानंतर मोडकळीस आलेले राज्य त्याने सुमारे पाव शतक टिकवून धरले. अकबराच्या अखेरच्या वर्षांत सुरू झालेली त्याची झुंज जहांगीराच्या कारकीर्दीच्या जवळजवळ शेवटापर्यंत चालली. या काळात तो स्वतः सिंहासनावर कधीच बसला नाही. निजामशहाच्या नावाने त्याने राज्य चालविले. त्याच्या मृत्यूनंतर अवघ्या सात वर्षांत त्याच्याच मुलाने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. अंबराचा उत्कर्ष ज्या कारणांनी झाला, त्यांतच त्याच्या सत्तेच्या विलयाची कारणे बऱ्याच अंशी शोधता येतात.

त्याच्या पूर्वायुष्याची माहिती त्रोटक आहे. त्याचा जन्म इथिओपियात झाला व त्याचे मूळ नाव चापू होते. १६१७ मध्ये त्याला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याच्या वृत्तांतावरून लहानपणी तो तांबड्या समुद्रावरील मोखा येथे विकला गेला, असे दिसते. पुढे बगदादमधील मीर कासीम या व्यापाऱ्याने त्याला घेतले, शिक्षण दिले व त्याचे नाव अंबर ठेवले. ‘मलिक’ हे उपपद त्याला नंतर मिळाले. १५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान हाही हबशी असून पूर्वाश्रमीचा गुलाम होता आणि त्याच्या पदरी सु. एक हजार हबशी गुलाम होते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

दख्खनमधील लष्करी गुलामगिरी ही अमेरिकेतील मळ्यांवरच्या गुलामगिरीहून भिन्न होती. ईजिप्तमधील ममलूकांची परंपरा तिला अधिक जवळची. परमुलखातून आणलेल्या तरुणाला या भूमीत भाऊबंद नसत, वतन नसे, सोयरीक नसे. त्याची निष्ठा धन्यापुरती असे आणि म्हणूनच दरबारातील गटबाजीने त्रस्त झालेल्या सुलतानांना व अमिरांना असे सैनिक हवे असत. धनी मरण पावला, की पुष्कळदा गुलाम मुक्त होई आणि शस्त्र हाती घेऊन नवा आश्रय शोधू लागे. त्याची मुले गुलाम राहत नसत. ती याच समाजात मिसळून दख्खनी होत. दख्खनी व परदेशी (इराणी, तुराणी इ.) अशा ज्या दोन पक्षांत तत्कालीन दरबार विभागलेले होते, त्यांत हबशी बहुधा दख्खनी पक्षाच्या बाजूस असत. चंगीझखान मरण पावल्यावर (सु. १५७५) अंबर मुक्त झाला. त्याने लग्न केले आणि पुढील सुमारे वीस वर्षे लहानशा पथकाचा नायक म्हणून काढली. त्यांपैकी काही काळ तो विजापूरच्या चाकरीत होता. १५९५ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिशीत, तो सु. दीडशे स्वारांनिशी अहमदनगरच्या राज्यात परतला व अभंगखान हबशी याच्या सैन्यात दाखल झाला. त्याच्या आयुष्यातील सारी महत्त्वाची कामगिरी यानंतरची आहे.

त्या वेळी निजामशाहीची घडी पूर्णपणे विसकटली होती. वारसाच्या भांडणात एका पक्षाने मोगलांना निमंत्रण दिले. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये अहमदनगरचा किल्ला शौर्याने राखला. परंतु १६०० मध्ये किल्ल्यातीलच लोकांकडून ती मारली गेली आणि किल्ला पडला. बालराजा बहादुर निजामशहा याची ग्वाल्हेरच्या किल्ल्यात रवानगी झाली. राज्य संपले असे मोगलांना वाटले, तथापि त्यांच्या हाती किल्ला व त्याभोवतीचा थोडा प्रदेश एवढेच आले होते. घाटमाथ्यावरील मुलूख, कोकणातील ठाणी आणि डोंगरी किल्ले अजिंक्यच होते. धनी नसलेले शिपाई, जहागिरी गमावलेले सरदार आणि मोगलांचा अंमल नको असलेले देशमुख यांना एकत्र येण्यासाठी एका केंद्राची गरज होती. अंबराने ते निर्माण केले. निजामशाही घराण्यातील अली नावाचा एक तरुण विजापूरच्या आश्रयास होता. त्याला परांड्यास आणून अंबराने दुसरा मूर्तझा निजामशहा या नावाने गादीवर बसविले (१६००) आणि आपली मुलगी त्याला दिली. राज्याला पुन्हा राजा मिळाला व अंबराला आपल्या हुकुमांसाठी एक मोहोर मिळाली.

आरंभीची दहा वर्षे खडतर गेली. नांदेडजवळच्या लढाईत खानखानान अब्दुर्रहीम याचा मुलगा ईरज (पुढे शाहनवाझखान) याने त्याचा पराभव केला (१६०२). जखमी अंबराला त्याच्या माणसांनी रणांगणातून उचलून नेले. दौलताबादकडील भाग राजू दख्खनी या दुसऱ्या सरदाराच्या ताब्यात होता व तोही निजामशहाच्याच नावाने कारभार पाहत असे. या दोघांतील स्पर्धा मोगलांना सोयीची होती. अंबराने अखेर राजूला पकडले. १६०७ मध्ये राजधानी जुन्नरला आणि १६१० मध्ये दौलताबादला आली. त्याच सुमारास अहमदनगरचा किल्लाही त्याने परत मिळविला. शहजादा सलीमाचे बंड, अकबराचा मृत्यू (१६०५) आणि खुसरौचे बंड यांमुळे मोगलांचे लक्ष उत्तरेत गुंतले होते, याचाही त्याला लाभ झाला.

त्याच्या लष्करी यशाचे रहस्य त्याने उभारलेल्या सैन्याच्या स्वरूपात आहे. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याने त्याच्यापाशी दहा हजार हबशी व चाळीस हजार दख्खनी सैन्य असल्याचे नमूद केले आहे. आकडे ढोबळ असले, तरी प्रमाण बोलके आहे. या दख्खनी सैन्यात मराठा स्वारांचा भरणा मोठा होता. हा स्वार लहान चणीच्या काटक घोड्यावर बसे, सामान थोडे बाळगी व मुलखाची वाट न वाट त्याच्या ओळखीची असे. मोगल सैन्य ही चालती नगरीच होती. तोफा, हत्ती, बैलांचे तांडे, बुणगे व बाजार यांसह ते कूच करी आणि दाणावैरण बंद झाली, की लाखाची फौजही जागच्या जागी खिळून राही. अंबराने समोरासमोरची लढाई शक्यतो टाळली. शत्रूला आत येऊ द्यावे, त्याची रसद मारावी, वैरणीला गेलेल्या टोळ्या कापाव्यात, रात्री छावणीवर बाण टाकावेत आणि शत्रू माघारी वळला, की त्याचा पाठलाग करावा, ही त्याची रीत. मोगल तवारीखकार या स्वारांना बर्गी व त्यांच्या युद्धपद्धतीला बर्गीगिरी म्हणत. मराठीत गनिमी कावा या नावाने तीच पुढे प्रसिद्धीस आली. ही पद्धती अंबराने शोधून काढली असे म्हणणे बरोबर होणार नाही. दख्खनमध्ये ती त्यापूर्वीही आढळते. एका राज्याच्या संरक्षणाचे मुख्य साधन म्हणून तिचा पद्धतशीर उपयोग त्याने केला, एवढे निश्चित.

या रीतीचा उत्तम नमुना म्हणजे १६१२ ची मोहीम. गुजरातचा सुभेदार अब्दुल्लाखान याने नासिककडून आणि दुसऱ्या मोगल फौजेने वऱ्हाडातून एकाच वेळी दौलताबादवर चालून जावे, असा बेत होता. अब्दुल्लाखानाने दुसऱ्या फौजेची वाट न पाहता घाट ओलांडला. अंबराच्या स्वारांनी त्याला वाटेत घेरले आणि दिवसरात्र सतावून सोडले. दौलताबादच्या परिसरात पोहोचेपर्यंत त्याची फौज इतकी जेरीस आली होती, की बागलाणातून गुजरातेकडे परत फिरण्यावाचून त्याला गत्यंतर उरले नाही. ही बातमी कळताच वऱ्हाडची फौजही मागे गेली. खडकीतील भडकल दरवाजा अंबराने याच सुमारास मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ बांधला, असे मानतात.

खडकी हे दौलताबादच्या आग्नेयीस खाम नदीकाठी वसलेले लहान खेडे होते. १६१० च्या सुमारास अंबराने तेथे शहर वसविण्यास प्रारंभ केला. दौलताबाद हा अभेद्य किल्ला असला, तरी वाढत्या लष्करी वस्तीला तो अपुरा होता. उलट खडकीला मोकळी जागा होती आणि संकट आल्यास किल्ला एका मजलेत गाठता येई. मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा ही येथील जुन्या पुऱ्यांची नावे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठे सरदारांवरून पडली, असे सांगितले जाते. काळी मशीद, जामा मशिदीचा मूळ भाग आणि नौखंडा महाल (१६१६) ही त्याची इतर बांधकामे. यांहूनही महत्त्वाची म्हणजे नहर-इ-अंबरी ही पाणीपुरवठ्याची योजना. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली बोगदा खोदून त्यात झिरपणारे भूजल गोळा करावयाचे आणि केवळ उताराच्या आधारे ते शहरात आणावयाचे, असे तिचे तत्त्व होते. बोगद्यावर ठिकठिकाणी हवेसाठी व सफाईसाठी विवरे ठेवलेली असत. शहरात पाणी उंच मनोऱ्यांत (बंब) चढून तेथून खापरी नळांवाटे हौदांत जाई. इराणातील कनात पद्धतीशी या रचनेचे साम्य आहे. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात पाणी उघड्या कालव्याऐवजी जमिनीखालून नेल्यामुळे बाष्पीभवन टळले आणि वेढा घालणाऱ्या शत्रूला पाणी तोडणे सहज शक्य राहिले नाही. याच धर्तीवर पुढे मोगल काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्की ही अंबराचीच कृती होय, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ती अठराव्या शतकातील असून तिची नहरही निराळी आहे.

सैन्याचा हा सारा खर्च जमीन महसुलातून भागवावा लागे. अंबराच्या महसूल व्यवस्थेची पुढे एवढी ख्याती झाली, की महाराष्ट्रातील गावोगावी ‘मलिकंबरी धारा’ हा शब्द जुन्या व न्याय्य आकाराचा वाचक म्हणून शतकाहून अधिक काळ रूढ राहिला. इजाऱ्याने वसुली देण्याची पद्धत त्याने बंद केली. जमिनीची प्रत पाहून व काही वर्षांच्या प्रत्यक्ष पिकाचा अंदाज घेऊन सरकारचा हिस्सा ठरविण्यात येई. तो आरंभी उत्पन्नाच्या दोनपंचमांश धान्यरूपाने व नंतर सुमारे एकतृतीयांश किंमतीइतका रोख घेतला जाई, असे परंपरेने सांगितले जाते. जमिनीची काटेकोर मोजणी मात्र झाली नाही. पाहणी बहुतांशी नजर-अंदाजाने होई. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांची वतने त्याने कायम केली, मिराशी हक्काला उत्तेजन दिले आणि वसुलीची जबाबदारी गावावर टाकली. याचे श्रेय केवळ त्याच्या न्यायबुद्धीला देणे एकांगी ठरेल. दरवर्षी परचक्र येणाऱ्या मुलखात रयत जागेवर टिकली तरच घोडदळाचा पगार निघणार होता, आणि वतनदार राजी असले तरच त्यांचे मुलगे व भाऊबंद स्वार म्हणून येणार होते. कर आणि सैन्यभरती ही दोन्ही एकाच वतनदार वर्गाच्या हातून होत असल्यामुळे या वर्गाला दुखवून राज्य चालविणे शक्य नव्हते. दादोजी कोंडदेवाने पुणे प्रांताची लावणी करताना मलिकंबरी व्यवस्थेचाच आधार घेतला. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात तिच्यात काठीच्या मोजणीची भर पडली.

येथपर्यंत पाहिलेले सामर्थ्य भक्कम दिसते. त्यातील उणीव राजपदाच्या प्रश्नाशी निगडित होती. सिंहासनावर निजामशाही रक्ताचाच पुरुष हवा, या लोकमान्य समजुतीवर अंबराचे सारे हुकूम अवलंबून होते. परंतु राजा प्रौढ झाला, की त्याला स्वतःची इच्छा येई. मूर्तझा हा अंबराचा जावई असूनही दोघांत सतत बेबनाव होता. व्हान डेन ब्रूकने दिलेल्या हकीकतीनुसार राजाच्या थोरल्या, परदेशी राणीने अंबराच्या मुलीचा गुलामाची मुलगी म्हणून पाणउतारा केला; त्यानंतर राजा व राणी या दोघांनाही विष देण्यात आले (१६१०). मूर्तझाचा पाच वर्षांचा मुलगा बुऱ्हाण (तिसरा) यास गादीवर बसविण्यात आले. अंबराच्या चरित्रातील हा डाग त्याच्या प्रशंसकांनी बहुधा झाकून नेला आहे. सर्वाधिकार हाती असलेल्या साठीतील वजिराला गुलामीचा शिक्का पुसता आला नव्हता, हेही या प्रसंगावरून कळून येते.

दुसरी उणीव सरदारांच्या निष्ठेची. मराठे व हबशी सरदार निजामशहाचे चाकर असले, तरी त्यांची बांधिलकी अंबराशी होती व ती विजय, जहागिरी आणि मानमरातब यांवर उभी होती. १६१५-१६ मध्ये जाधवरावासह काही मराठे सरदार आणि आदमखान, याकूतखान हे हबशी सरदारही शाहनवाझखानाला जाऊन मिळाले. अंबराच्या साऱ्या डावपेचांचा मुलूखगिरीचा भाग ज्यांना पाठ होता तीच माणसे आता मोगल सैन्याची वाटाडी बनली. फेब्रुवारी १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबराचा मोठा पराभव झाला. मोगलांनी खडकीत तीन दिवस राहून नवे शहर उद्ध्वस्त केले. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अंबराचा उल्लेख नेहमी शिवीगाळ करूनच केला आहे. त्याचा चित्रकार अबुल हसन याने काढलेल्या एका चित्रात बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडताना दाखविला आहे. अंबर त्यानंतर दहा वर्षे जगला. तो मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. हे चित्र आता डब्लिन येथील चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे.

१६१७ मध्ये शहजादा खुर्रम दक्षिणेत आला. बालाघाट व अहमदनगरचा किल्ला परत देऊन अंबराने तह केला; या कामगिरीबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला. शहजाद्याची पाठ वळताच अंबराने गेलेला मुलूख पुन्हा जिंकला (१६२०). शाहजहान दुसऱ्यांदा आला, खडकी दुसऱ्यांदा जाळण्यात आली आणि निजामशहाला दौलताबादच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला. १६२१ च्या तहान्वये तिन्ही दख्खनी राज्यांवर पन्नास लाख रुपयांची खंडणी बसविण्यात आली. तीत निजामशाहीचा वाटा बारा लाखांचा होता. हार, तह, पुन्हा उठाव या क्रमातून मोगलांचा खजिना व वेळ खर्च होत गेला.

अंबराचा सर्वांत मोठा विजय त्याच्या वयाच्या पंचाहत्तरीनंतरचा आहे. मोगल व विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा यांनी त्याच्याविरुद्ध युती केली. अंबराने गोवळकोंड्याशी सख्य केले, बीदरकडे मुसंडी मारली व विजापूरला वेढा घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मोगल कुमक घेऊन धावून आला. अंबर माघार घेत अहमदनगरजवळच्या भातवडी येथे आला व त्याने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीची वाट चिखलमय केली. उपासमारीने व छाप्यांनी हैराण झालेल्या संयुक्त फौजेची १६२४ मधील निर्णायक लढाईत दाणादाण उडाली. मुल्ला मुहम्मद मारला गेला आणि अनेक मोगल सरदार कैद झाले. या लढाईत शहाजी भोसले याने पराक्रम गाजविला व त्याचा धाकटा भाऊ शरीफजी कामी आला. कवींद्र परमानंदाच्या शिवभारतात या लढाईचे सविस्तर वर्णन असून अंबराविषयी आदराची भाषा आहे. यानंतर अंबराने विजापूरजवळचे नौरसपूर लुटले व सोलापूर घेतले. बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेल्या शाहजहानालाही याच सुमारास आपल्या जुन्या शत्रूचे साहाय्य घ्यावे लागले आणि दोघांच्या सैन्यांनी मिळून बुऱ्हाणपूरला वेढा दिला. परंतु भातवडीनंतर थोड्याच काळात शहाजी अंबराशी न पटल्यामुळे विजापूरकडे गेला. विजयाच्या शिखरावरही सरदार टिकवून धरणे अंबराला साधले नाही, ही गोष्ट त्याच्या चरित्रकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

मे १६२६ मध्ये अंबर मरण पावला. वजिरी त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे आली. हे पद मुळात वारसाहक्काचे नव्हते. बापाने ते स्वकर्तृत्वाने मिळविले होते व मुलाला ते आयते लाभले. आता प्रौढ झालेल्या बुऱ्हाण निजामशहाने फत्तेखानाला कैद करून सत्ता आपल्या हाती घेतली. हबशी सरदारांत फूट पडली; याकूतखान मोगलांकडे गेला. १६२९ मध्ये निजामशहाच्या हुकमावरून लखुजी जाधवराव व त्याचे काही पुत्र दौलताबादच्या दरबारातच मारले गेले. या हत्येने मराठे सरदारांचा राज्यावरील विश्वास उडाला आणि अंबराने पंचवीस वर्षे जपलेला मुख्य आधार एका दिवसात निखळला. त्यातच शाहजहान बादशहा झाला होता व त्याला दख्खनची वाट न वाट माहीत होती. १६३०–३२ च्या भीषण दुष्काळाने मुलूख ओस पडला आणि महसूल बुडाला. अडचणीत आलेल्या निजामशहाने फत्तेखानाची मुक्तता केली. तेव्हा फत्तेखानाने राजालाच कैद करून ठार मारले, हुसेन या अल्पवयीन मुलास गादीवर बसविले आणि मोगलांचे मांडलिकत्व पतकरले. बापाने वापरलेलाच हा मार्ग होता. त्यामागे बापाचे सैन्य मात्र उरले नव्हते. पुढे विजापूर व मोगल यांच्या कात्रीत सापडल्यावर महाबतखानाच्या वेढ्यापुढे त्याने जून १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला खाली केला. या बदल्यात त्याला साडेदहा लाख रुपये मिळाले. हुसेन निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला व फत्तेखानाने उर्वरित आयुष्य मोगलांच्या तनख्यावर लाहोरला काढले.

निजामशाहीचे नाव यानंतरही तीन वर्षे चालले. शहाजीने त्या घराण्यातील आणखी एका मुलाला पेमगिरी येथे गादीवर बसविले आणि अंबराने १६०० मध्ये परांड्यास केलेला प्रयोग पुन्हा करून पाहिला. या वेळी स्वतः शाहजहान दक्षिणेत उतरला होता आणि विजापूरनेही मोगलांशी तह केला होता. १६३६ मध्ये माहुलीचा किल्ला देऊन शहाजीला हा प्रयत्न सोडावा लागला. निजामशाहीच्या आश्रयाने वाढलेले जंजिऱ्याचे सिद्दी तेवढे टिकले; त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत अस्तित्वात होते.

खडकीला फत्तेखानाने फतेहनगर हे नाव दिले होते. औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत (१६५३ नंतर) ते औरंगाबाद झाले व २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृत करण्यात आले. अंबराची कबर खुलदाबाद येथे आहे. जर जरी जर बक्ष या सूफी संताच्या दर्ग्याजवळची ही घुमटाकार वास्तू त्याने हयातीतच बांधून घेतली होती. तिच्या शेजारच्या लहान इमारतीत त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे.